खरेदी सगळ्यात शेवटी: एक ते तीन वर्षांच्या मुलाचा खेळ घरात कसा मांडायचा

चूक होते ती क्रमात. आधी खेळणं येतं, मग ते मुलाला आवडेल म्हणून वाट बघितली जाते. आठवड्याने 'हा कशाशी खेळतच नाही' अशी तक्रार सुरू होते आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एक खेळणं येतं. तोवर मूल स्वयंपाकघरात फतकल मारून डब्यांची झाकणं वाजवत असतं, आणि आजी म्हणत असते, "एवढं महागाचं आणलं, आणि ह्याला मेला डबाच हवा!"

आजीचं निरीक्षण अचूक आहे, फक्त तिचा सूर तक्रारीचा आहे. डबा उघडतो, बंद होतो, वाजतो, घरंगळतो, त्यात काही घालता येतं आणि काढता येतं. त्या महागाच्या खेळण्याचं एक बटण दाबलं की एक गाणं लागतं, आणि संपलं.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी बघायचं, मग काढून टाकायचं, तपासायचं, मांडायचं, जवळ बसायचं. विकत आणण्याची पाळी शेवटी, आणि पुष्कळ घरांत ती येतच नाही. हे सगळं दोन खोल्यांचं घर, कामावर जाणारे आईबाबा आणि सांभाळायला आजी किंवा मावशी, असं धरून लिहिलं आहे.

आधी हाताशी काय घ्याल

वही-पेन. एक सतरंजी. तीन मोठी खोकी. एखादी जुनी जाड लग्नपत्रिका, फूटपट्टी, चिकटपट्टी. बारीक स्क्रूड्रायव्हर. वेळ म्हणाल तर आठवडाभर रोज वीस मिनिटं, आणि मूल झोपलेलं किंवा बाहेर गेलेलं असेल अशी एक दुपार.

१. आठवडाभर फक्त बघा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे.

सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटं मूल काय करतंय ते बघायचं आणि लिहायचं. युक्ती एवढीच, की वस्तूंची नावं लिहायची नाहीत, क्रियापदं लिहायची. 'बॉलशी खेळला' ह्यातून काहीच कळत नाही. 'टाकलं, वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत टाकलं' ह्यातून सगळं कळतं. टाकणे, ओतणे, भरणे, रिकामं करणे, झाकण लावणे, ढकलणे, ओढणे, रांगेत लावणे, गुंडाळणे, लपवणे, चढणे: एक-दोन वर्षांच्या मुलाचा बहुतेक दिवस ह्या दहा-बारा क्रियापदांत मावतो.

एक उदाहरण देते. सोळा महिन्यांची एक मुलगी दिवसभर कांद्याच्या टोपलीतले कांदे काढून बादलीत टाकायची आणि बादलीतले परत टोपलीत. घरच्यांना वाटलं तिला कंटाळा येतोय, म्हणून त्यांनी अक्षरं बोलणारी पाटी आणली. पाटी दोन दिवस टिकली. तिला हवं होतं ते 'भरणे-ओतणे'. एक मोठं पातेलं, एक टोपली आणि दहा कापडी चेंडू दिल्यावर ती पाऊण तास बसली. त्यात काय शिकत होती? किती मावतं, काय मावत नाही, रिकामं झालं म्हणजे काय, आणि वस्तू आत गेली तरी ती असतेच हे. मोजणं ह्यानंतर येतं.

दहा ते पंधरा महिन्यांचं मूल उंच खुर्चीवरून चमचा वीस वेळा खाली टाकतं तेव्हाही हेच. मुठीतली वस्तू हवी तेव्हा सोडता येणं हे हाताचं नवं कसब आहे. ती कुठे पडते, कसा आवाज होतो आणि आई दर वेळी वाकते का, ह्याची ते खात्री करून घेत असतं. त्याला रागावण्यापेक्षा टाकायला चालेल असं काही द्या: कापडी चेंडू, मोज्यांच्या गुंडाळ्या.

> सांभाळा: बघताना मोबाइल हातात नको, व्हिडिओ काढायलासुद्धा नको. तो दिसला की मूल खेळ सोडून मोबाइलकडे येतं, आणि तुमच्या वहीत 'मोबाइल मागितला' एवढंच उरतं.

*पडताळा:* आठवड्याच्या शेवटी किमान तीन क्रियापदं अशी हवीत, की जी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वस्तूंशी दिसली. नसतील तर आणखी चार दिवस बघा. घाई नाही.

२. सगळं एका सतरंजीवर ओता आणि चार ढीग करा

मूल समोर नसताना. कपाट, दिवाणाखालचा कप्पा, गॅलरी, पोटमाळा, गाडीची डिकी, सगळीकडचं गोळा करा. बहुतेकांना इथे पहिला धक्का बसतो.

पहिला ढीग तुटक्यांचा. चाक नसलेली गाडी, अर्धी पझल, शाई सुकलेले स्केचपेन. हे थेट बाहेर. 'दुरुस्त करू' म्हणून ठेवलेलं कोणी दुरुस्त करत नाही.

दुसरा ढीग तुमच्या वहीतल्या क्रियापदांशी जुळणाऱ्या वस्तूंचा. हा लहान निघेल.

तिसरा, पुढे लागेल अशा वस्तूंचा. खोक्यात भरा, वर साधारण वय लिहा, माळ्यावर टाका.

चौथा ढीग स्वतःच खेळणाऱ्या खेळण्यांचा: दिवे, गाणी, बडबड. इथे थोडं थांबते, कारण 'ती तर शैक्षणिक आहेत' असं हमखास ऐकू येतं. अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या ॲना सोसा ह्यांनी दहा ते सोळा महिन्यांची मुलं आणि त्यांचे आईबाबा अशा २६ जोड्यांचं घरातलं खेळणं ध्वनिमुद्रित केलं. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलकं खेळणं हातात होतं तेव्हा आईबाबा सगळ्यात कमी बोलले, आणि संवादातली देवाणघेवाणही कमी झाली. पुस्तक हातात होतं तेव्हा दोन्ही जास्त. कारण समजायला अवघड नाही: खेळणं बोलत असलं की आपण गप्प बसतो. ह्या वयात भाषा येते ती आपण मुलाला दिलेल्या उत्तरातून, आणि गाणं म्हणणारी पाटी उत्तर देत नाही.

ह्यांतली बरीचशी वाचवता येतात. सेल काढा. सेल काढलेली बोलकी मोटार म्हणजे चांगली मोटार. मूल स्वतः 'भुर्रर्र' करेल.

> सांभाळा: झोपताना लागणारी चिंधी, गोधडीचा कोपरा, एक डोळा गेलेलं अस्वल ह्यांना हात लावायचा नाही. ती आवराआवरीच्या बाहेर. फक्त त्या अस्वलाचा दुसरा डोळा पक्का आहे ना, एवढं बघून घ्या.

३. तपासणी: लग्नपत्रिकेची नळी करा

दुसऱ्या ढिगातली प्रत्येक वस्तू आता ह्यातून जाणार. ही पायरी आळस न करता करायची.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, आणि चेंडूंसाठी साधारण ४४.५ मिलिमीटरचं गोल भोक. घरी हेच असं करा. लग्नपत्रिकेची ११ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा, एक सेंटिमीटर एकावर एक चढवून चिकटवा. परीघ १० सेंटिमीटर, म्हणजे व्यास जवळपास त्या नळकांड्याएवढाच, ३१.७ मिलिमीटर झाला. दुसरी पट्टी १५ सेंटिमीटरची, तशीच चिकटवा. ही मोठी नळी चेंडू, मोठे मणी, लाकडी फळं अशा गोल वस्तूंसाठी. बाकी सगळ्याला लहान नळी. वस्तू आत मावली किंवा आरपार गेली, की ती बाजूला. 'माझं लक्ष असतं' हा ह्यावरचा उपाय होत नाही, कारण घशात अडकायला काही सेकंद पुरतात आणि त्यात आवाजही येत नाही.

खोक्यावर '३+' का लिहिलेलं असतं ते इथेच सांगते. ह्याचा हुशारीशी संबंध नाही. 'आमचा वयाच्या मानाने पुढे आहे' म्हणून दीड वर्षाच्या मुलाला ते खेळणं देणारे पुष्कळ आहेत. त्या आकड्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की आत लहान भाग आहेत. घसा हुशार नसतो.

नळीशिवाय आणखी काय बघायचं:

बटण सेल. गोल, चपटे, रिमोटात आणि दिव्यांच्या खेळण्यांत असतात. झाकण स्क्रूने बंद असलंच पाहिजे. नुसतं नखाने उघडत असेल तर ते खेळणं घरात नको. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८.

छोटी लोहचुंबकं. दोन गिळली तर आतड्याच्या दोन वळ्यांत राहून एकमेकांना खेचतात आणि आतडं फाटू शकतं. फ्रिजवरची चुंबकंसुद्धा ह्यात आली.

दोरी. ओढगाडीची दोरी एका विती​पेक्षा लांब नको. पाळण्याला किंवा खाटेला बांधलेलं काही नको.

कापडी खेळण्यांचे डोळे, बटणं, शिवण जोर लावून ओढून बघा. मूल दाताने ओढणारच आहे.

फुगे. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा घशात चिकटून बसतो. वाढदिवसानंतर खोलीभर पडलेले तुकडे मूल रांगायच्या आत वेचा.

आणि कडधान्यं. राजमा, चिंचोके, मणी घेऊन 'सेन्सरी बिन', म्हणजे मुलाने हात घालून चाळवायचा दाण्यांचा डबा, करायची सध्या टूम आहे. तीन वर्षांच्या आत नको. एक दाणा नाकात जातो, तिथे फुगतो, आणि दुपार दवाखान्यात जाते. भरणे-ओतणेच हवं असेल तर पाणी, कणीक, मोठे शंख, नारळाच्या करवंट्या आहेत.

एक खास मुद्दा: चाकांचा वॉकर आणि पांगुळगाडा ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वॉकरमध्ये मूल मधोमध बसतं आणि पायाने रेटत सुटतं. उंबरा, जिना, गॅसजवळची गरम कढई सगळ्यापर्यंत पोचतं. त्याने चालणं लवकर येत नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाड्यात मूल स्वतः उभं राहून, स्वतःचा तोल सांभाळत गाडा ढकलतं. धरून उभं राहायला लागल्यावर तो चालेल. सपाट जमीन आणि कोणीतरी शेजारी, ह्या दोन अटी.

*पडताळा:* मांडण्यासाठी उरलेल्या वस्तू आता एका टोपलीत मावत असतील. मावत नसतील तर दुसऱ्या टप्प्यात तुम्ही दयाळूपणा केलात.

४. जागा

दोन-अडीच फूट उंचीचं उघडं फळकूट किंवा पाटावर ठेवलेल्या टोपल्या. त्यासमोर चटई. घरातली माणसं दिसतील अशी जागा हवी. आतल्या खोलीत नटवलेल्या कोपऱ्यात मूल एकटं बसत नाही, ते तुमच्यामागे ओट्यापाशीच येतं. मग कोपराच ओट्याजवळ, पण गॅसपासून लांब करा.

फळकूट भिंतीला पक्कं ठोका. मूल त्यावर चढणार हे गृहीत धरा.

कोकणात आणि मुंबईकडे पावसाळ्यात कापडी खेळणी ओलसर भिंतीला टेकवू नका, बुरशी धरतात. जून ते सप्टेंबर एक-दोनच बाहेर ठेवा, ऊन पडेल त्या दिवशी वाळवा.

झाकणाचा खोल डबा मात्र नको. सगळी खेळणी त्यात टाकली की आवरल्यासारखं दिसतं, पण मूल तो उपडा करतं आणि निघून जातं. तळातलं त्याला दिसतच नाही.

५. मांडणी: सहा ते आठ वस्तू

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ मुलांवर, दीड ते अडीच वर्षांच्या, एक साधा प्रयोग झाला; तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदा खोलीत चार खेळणी, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. घरात चारच ठेवा असं मी म्हणणार नाही, पण आठाच्या पुढे जाऊ नका.

मी अशी वाटणी करते: भरण्या-ओतण्याचं एक, रचण्याचं एक, ढकलण्या-ओढण्याचं एक, खोटं-खोटं खेळायचं एक, पुस्तकं दोन, आणि मुलाला पूर्ण जमतं असं एक जुनं. त्या शेवटच्याला हटवू नका. नव्या गोष्टीत हरल्यावर मूल तिथे परत येतं, पाच मिनिटं जिंकतं आणि पुन्हा नव्याकडे वळतं.

प्रत्येक वस्तू खेळायला तयार स्थितीत ठेवायची, आणि तिचे तुकडेही वयाप्रमाणे. ठोकळ्यांचं अख्खं खोकं ओतू नका. दीड वर्षाचं मूल साधारण तीन-चार ठोकळ्यांचा मनोरा रचतं, दोन वर्षांचं सहाच्या आसपास, तीन वर्षांचं नऊपर्यंत. म्हणजे दीड वर्षाच्या पुढ्यात सहा-आठ ठोकळे पुरे. चाळीस दिले की रचणं बाजूला राहून उधळणं सुरू होतं, आणि आपण म्हणतो 'ह्याला एकाग्रताच नाही'.

स्वयंपाकघरातून काय मिळतं ते आधी बघा. एकात एक बसणाऱ्या वाट्या, स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं (कोणतं कुणाचं, हे अठरा महिन्यांच्या मुलाला तासभर पुरतं), लाकडी डाव, गाळणं, रिकामी परात. वाटीला वाटी लागण्याचा आवाज, स्टीलचा थंडपणा, लाकडाचं वजन हे सगळं प्लास्टिकच्या रंगीत संचात सापडत नाही. तिथे सगळ्या वस्तूंचं वजन आणि स्पर्श एकच. तारा​बाई मोडकांनी पालघरकडच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, बिया, पानं अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूच शिकवायला घेतल्या होत्या. मोठ्या मुलांसाठी तो खजिना अजूनही खुला आहे. तिनाच्या आत नळी लावून.

> सांभाळा: परातीत पाण्याचा खेळ मांडलात तर तिथून उठायचं नाही. दारावरची बेल वाजली तर मूल उचलून न्या. खेळ संपला की परात आणि बादली लगेच रिकामी. लहान मूल बोटभर पाण्यातही बुडू शकतं.

*एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर* मांडणी जवळजवळ लागतच नाही. नव्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर दिसणारा तुमचा चेहरा. जागं असताना पोटावर पालथं घालणं दिवसभरात थोडं थोडं करून किमान तीस मिनिटांवर न्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार-पाच महिन्यांनी हात पुढे येतो, तेव्हा मुठीत मावेल असा हलका खुळखुळा. सहाव्याच्या आसपास वस्तू ह्या हातातून त्या हातात जाते. आठ-नऊ महिन्यांना ओढणीखाली वाटी लपवा आणि बघा शोधतं का. 'भॉऽक' ह्या खेळाचा खरा मोसम हाच. नऊ-दहाला चिमूट धरता येते, आणि त्या दिवसापासून जमिनीवरचा प्रत्येक कण तोंडात जातो. केरसुणी दिवसातून दोनदा.

६. जवळ बसणं: ह्यालाही क्रम आहे

दिवसातून एकदा वीस मिनिटं. सगळा टीव्ही बंद, पाठीमागे चालू असलेलाही.

आधी जमिनीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. काही सुचवू नका. मनात दहा आकडे मोजा. मूल काहीतरी उचलेल. ते काय करतंय तेवढंच सांगा, आणि पुन्हा थांबा. त्याने आवाज केला, बोट दाखवलं, तुमच्याकडे बघितलं, की ती तुमची पाळी. तुम्ही उत्तर दिलंत की परत त्याची. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या, की मगच तुमच्याकडून एक छोटी भर टाका. एकच.

ऐकायला असं येतं:

"घातलंस आत." (थांबा.)
"टां!"
"हो, टण्ण वाजलं. डबा वाजला."
मूल दुसरी वाटी टाकतं आणि तुमच्याकडे बघतं.
"अजून एक. आता हलकं वाजलं, नाही?" (थांबा. लांब थांबा.)

भर टाकायची म्हणजे आता डब्यात चमच्याऐवजी मोजा टाकून बघायचा: आवाजच येत नाही! मुलाचा चेहरा बघा. त्याला नको असेल तर सोडून द्या.

आता चुका, त्याच नेहमीच्या.

परीक्षा घेणं. "हा कुठला कलर? काऊ कशी करते? दाखव काकांना नाक कुठाय!" पाहुण्यांसमोर तर विचारायलाच नको. प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे हे मुलालाही कळतं, आणि खेळ थांबतो. पाच वाक्यं सांगण्याची आणि एक प्रश्न, एवढं प्रमाण धरा.

दुरुस्त करणं. ठोकळा वाकडा ठेवला की आपला हात आपोआप जातो. हात मांडीखाली घ्या. मनोरा पडला की तोल म्हणजे काय ते कळतं. तुम्ही सरळ केलात की तुम्हाला कळलेलं असतं.

दर मिनिटाला शाब्बास. मूल मग ठोकळ्याकडे न बघता तुमच्याकडे बघू लागतं.

अर्धी भाषा. 'रेड बॉल घे, ट्रकमध्ये पुट कर' ह्याने इंग्रजी येत नाही आणि मराठी अडखळतं. तुम्हाला जी भाषा सहज येते तिच्यात भरपूर बोला. परदेशात वाढणाऱ्या मुलांनाही हेच लागू. तिथल्या नातवंडांशी बोलणाऱ्या आजी-आजोबांसाठी: अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड वर्षाच्या आत स्क्रीन नको म्हणते, पण व्हिडिओ कॉल त्यातून वगळते. तेव्हा कॉलवर 'बोल ना, बोल ना' करण्यापेक्षा पदराआड लपून 'भॉऽक' करा, दोन्हीकडे एकेक वाटी घेऊन खोटा चहा प्या.

बाकी स्क्रीनबद्दल भारतातल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला सरळ आहे: दोन वर्षांच्या आत शून्य, दोन ते पाच दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

खोटं-खोटं खेळणं साधारण दीड वर्षानंतर सुरू होतं. रिकाम्या कपातून मूल पितं, मग बाहुलीला पाजतं, मग ठोकळाच फोन होतो. एक वस्तू दुसरीच्या जागी धरता येणं ही मोठी उडी आहे. शब्द आणि अक्षरं त्याच जातीची असतात. तेव्हा ठोकळा कानाला लावून तुमच्याकडे दिला तर 'हा फोन नाही' म्हणू नका. घ्या आणि बोला. भातुकली मुलग्यांनाही द्या. घरात बाबा चहा करत नसतील तर ती दुसरी अडचण, तिच्यावर इथे लिहीत नाही.

दोन वर्षांची दोन मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात, एकत्र नाही. वाटून घेणं ह्या वयात येत नाही. पाहुण्यांची मुलं येणार असतील तर सगळ्यात लाडकी वस्तू आधीच कपाटात ठेवा, आणि पातेल्यांसारख्या वस्तू दोन-दोन काढा.

*पडताळा, जरा गंभीर:* आठवडाभर असं बसल्यावर काही गोष्टी ध्यानात येतात. वर्षाचं झालं तरी नावाने मारलेल्या हाकेला प्रतिसाद नाही, बडबड नाही; अठरा महिन्यांचं झालं तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही; दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, नक्कल करत नाही; किंवा कुठल्याही वयात आधी येत असलेलं काही गेलं, तर 'ह्याचे बाबाही उशिराच बोलले' म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या मदतीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडीताईंना विचारा.

७. फेरबदल कधी

'दर रविवारी बदला' असा नियम सगळीकडे दिसतो. मला तो पटत नाही. मूल रविवारी झाकणं लावण्याच्या ऐन भरात असेल तर झाकणं का न्यायची?

खूण बघा. एखाद्या वस्तूकडे चार-पाच दिवस ढुंकूनही बघितलं नाही, किंवा तिचा उपयोग आता फक्त फेकायला होतोय, की ती आत. एका वेळी दोनच वस्तू बदला. सगळं फळकूट एका रात्रीत बदललं तर मूल सकाळी बावचळतं आणि दिवसभर कडेवरून उतरत नाही. मागितलं की लगेच काढून द्या. लपवाछपवी केली तर मूल खेळणं सोडून शोधत बसेल.

नवं म्हणजे विकतचं नव्हे. माळ्यावरचं तीन आठवड्यांनी खाली आलेलं खेळणं नवंच असतं, कारण दरम्यान मूल बदललेलं असतं. आधी जे फक्त तोंडात घालत होतं, ते आता रचतं.

८. आवरणं

दीड वर्षापासून सोबतीने. 'आवर!' हा हुकूम त्याला कळत नाही. 'ठोकळे टोपलीत' कळतं. शेवटी भरणे-ओतणेच आहे ते. खेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगा. तोंडात जाणाऱ्या वस्तू रोज साबणाच्या पाण्याने धुवा, बाकीच्या आठवड्याला.

९. आता खरेदी, लागलीच तर

वही उघडा. एखाद्या क्रियापदाला घरात काहीच नाही, असं दिसलं तरच दुकानात जा. वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारा: ह्याच्याशी तीन वेगवेगळी क्रियापदं जमतात का? चेंडू: फेकणे, घरंगळवणे, लपवणे, लाथाडणे. उत्तीर्ण. बटण दाबल्यावर नाचणारं माकड: दाबणे. नापास.

मग आयएसआय चिन्ह. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते भारतात बंधनकारक आहे. जत्रेतल्या आणि सिग्नलवरच्या मालावर ते सापडणार नाही. तिथून भोवरा मोठ्या भावाला घ्या, तोंडात घालणाऱ्याला काही नको. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना ह्यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर चिन्ह नाही म्हणजे ते वाईट असं नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतून भातुकली किंवा लाकडी फळं घेतलीत तर दोन गोष्टी करा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का बघा. आणि फळं नळीतून काढा; चिक्कू, बोरं, द्राक्षं बहुधा वर्ष-दोन वर्षं कपाटावर शोभेला राहतील, आंबा-पपई खाली येईल.

नातेवाइकांना वाढदिवसाच्या आधी सांगा, नंतर कुरकुर करू नका. "काकू, त्याला सध्या ढकलायचं वेड आहे, एखादी लाकडी ढकलगाडी बघा ना," असं सांगितलं की काकूंनाही बरं वाटतं. त्या एरवी दुकानदार देईल ते घेऊन येतात. चार जणांनी मिळून चांगल्या ठोकळ्यांचा एक संच दिला तर तो धाकट्यापर्यंत टिकतो.

घरी आणल्यावर प्लास्टिकची पिशवी, तारेचे पीळ आणि आतली सिलिकाची पुडी लगेच कचऱ्यात टाका. खोकं ठेवा, ते दोन दिवस लागणार आहे.